गणपतीचा कारखाना बसायला लागला की बाहेरचा माणूस कसा आणायचा

मंडळी, आधीच सांगतो, मी काही मॅनेजमेंट वगैरे शिकलेला माणूस नाही. पेणच्या बाजूला आमचा गणपतीचा छोटा कारखाना आहे, कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, फळ्यांच्या मांडण्या, एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन आणि घरची पाच माणसं, सीझनला वरती चार कारागीर. वर्षाला ९००च्या आसपास मूर्ती जातात. बाबांनी सुरू केला, आता मी बघतो. मधली दोन वर्षं अशी गेली की मे महिन्यात सोनं गहाण आणि गणपती गेल्यावर सोडवून आणायचं, पुन्हा मे आला की पुन्हा गहाण. ऑर्डरी होत्या, पैसे नव्हते. तेव्हा बाहेरच्या माणसाची मदत घेतली, आधी चुकीची, मग बरोबर. मूर्ती असो, पेंटिंग असो, साड्यांवर हाताने रंगवायचं काम असो, ज्याचा धंदा हाताच्या कलेवर चालतो आणि तरी चालत नाही त्याच्यासाठी हे लिहितोय.

पहिली चूक काय झाली ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मला वाटायचं आपला माल विकला जात नाही हाच प्रॉब्लेम आहे. म्हणून सोशल मीडिया बघणारा एक मुलगा ठेवला, महिना ८ हजार. पोरगा वाईट नव्हता, रील छान बनवायचा, फॉलोअर वाढले, आणि लांबलांबून ३१ ऑर्डरी आल्या. आम्ही खूश. मग पॅकिंग करताना लक्षात आलं की शाडूची मूर्ती कुरियरने पाठवायची म्हणजे काय असतं हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. ११ मूर्ती वाटेत तुटल्या. गणपतीच्या तीन दिवस आधी एखाद्याच्या घरी सोंड तुटलेली मूर्ती पोचणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, शिव्या खाल्ल्या, पैसे परत केले. पाच महिन्यांत ४० हजार त्याला दिले, आणि तो सोडून गेला तेव्हा कळलं की अकाउंट त्याच्या नंबरवर होतं. आमच्या मूर्त्यांचे फोटो, आमचं नाव, आणि लॉगिन त्याचं. तो नंबर त्याने बदलला होता. झालं, संपलं.

त्याला दोष देत नाही, दोष माझा. भोक टाकीला होतं आणि मी नळ मोठा करत बसलो होतो.

तर पहिलं काम, माणूस शोधायच्या आधीचं, म्हणजे भोक कुठे आहे ते बघा. याला काही सॉफ्टवेअर लागत नाही. घरात कालनिर्णय लटकलेलं असतं ना, ज्याच्यावर आई दुधाचा हिशेब लिहिते, तसंच एक शेडमध्ये लटकवा आणि महिनाभर रोजच्या चौकोनात लिहा की आज कशात किती तास गेले. मोठं काही नाही, "फोन २, रंग ३, मुंबई अख्खा दिवस" एवढंच. मी वैशाखात लिहिलं. महिना संपल्यावर बेरीज मारली तर फोनवर ५२ तास, वसुलीसाठी दादर-लालबागच्या फेऱ्यांत ६ दिवस, "त्या पार्टीला काय रेट दिला होता" हे शोधण्यात किती गेले त्याला मोजमापच नाही, आणि आखणी, म्हणजे डोळे-भुवया-गंध, जे कारखान्यात बाबांनंतर फक्त मलाच जमतं, ते सगळं रात्री १० नंतर, डोळे मिटत असताना. गणपतीचे डोळे झोपेत काढतोय मी आणि दिवसा लोकांना "रेट काय, रेट काय" सांगत बसलोय. तेव्हा डोक्यात पहिल्यांदा शिरलं की मदत मूर्तीला नकोय, वहीला हवीय.

तुमचं वेगळं असू शकतं. एखाद्याकडे हिशेब चोख असतो पण हात कमी पडतात, त्याने कारागीर आणावा. एखाद्याचा खरंच माल विकत नाही, तर त्याने विक्रीचा माणूस बघावा. पण महिनाभर लिहिल्याशिवाय ठरवू नका, कारण आपल्याला जे काम आवडत नाही तेच "प्रॉब्लेम" वाटतं, आणि जे आवडतं त्यात कितीही वेळ गेला तरी दिसत नाही. बाबांचं तसंच, साच्यांत रमले की संपलं, दिवस गेला.

काय द्यायचं आणि काय नाही द्यायचं

बाहेरच्या माणसाला काय द्यायचं: हिशेब, बिलं, वसुलीचे फोन, बुकिंगची वही, रंग-प्राइमरची खरेदी (रेट तुम्ही ठरवून दिल्यावर), पॅकिंग, गाडीत माल चढवताना मोजणी. ही कामं अशी आहेत की नीट सांगितली तर कुठलाही शहाणा माणूस करू शकतो आणि कदाचित तुमच्यापेक्षा बरी करेल.

काय नाही द्यायचं: आखणी. आमचा दादरचा एक जुना डीलर ट्रकमधून उतरवलेल्या ५० मूर्तींतून बाबांच्या हातच्या मूर्ती वेगळ्या काढून दाखवतो, नुसत्या डोळ्यांवरून. बाबा खालची पापणी एकाच श्वासात ओढतात, ब्रश उचलत नाहीत, बुबुळ जरासं खाली झुकलेलं ठेवतात म्हणजे मूर्ती पाटावर ठेवली की समोर बसलेल्या माणसाकडे बघते. स्प्रेवाला उद्या दुसरा मिळेल, हे नाही मिळणार. तुमच्या धंद्यात असं एक काहीतरी असेलच, ज्याच्यासाठी गिऱ्हाईक परत येतं, ते ओळखा आणि त्याला हात लावू देऊ नका, उलट बाकीचं सगळं दुसऱ्याला द्यायचं ते यासाठीच.

दुसरं, साचे शेडच्या बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आमच्या हमरापूर-जोहे-कळवे पट्ट्यात कच्च्या मूर्तीवरून दुसऱ्या दिवशी रबरचा साचा निघतो, मग तुमचं डिझाइन म्हणून काही राहत नाही. तिसरं, शेवटचा रेट तुम्हीच सांगायचा. आणि चौथं, गिऱ्हाइकांची मूळ वही तुमच्याकडे, मदतनीसाकडे त्याची कॉपी.

माणूस कुठे मिळतो

लोक आधी मोठ्या नावाकडे धावतात, कन्सल्टंट वगैरे. ९०० मूर्तींच्या कारखान्याला कन्सल्टंट परवडत नाही आणि त्यालाही तुमच्यात इंटरेस्ट नसतो. सीएची गरज आहे, पण ती वर्षातून दोन-तीनदा, रिटर्न भरायला आणि जीएसटीचं विचारायला (मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, पण परराज्यात माल जातो, ऑनलाइन विकता, तर आधी त्याला विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका). रोजचा हिशेब सीए नाही करत, तुमची पिशवीभर बिलं बघून तो फक्त कपाळाला हात लावतो.

आपल्याला हवा तो माणूस बहुतेक आळीतच असतो. रिटायर झालेली माणसं बघा, पतपेढीत, पोस्टात, एसटीत, शाळेच्या ऑफिसात काम केलेली. त्यांना पैशापेक्षा सकाळी बाहेर पडायला कारण हवं असतं. कॉमर्स कॉलेजचं तिसऱ्या वर्षाचं पोरगं-पोरगी, एक्सेल आणि टॅली येत असलेली, आठवड्यातून दोन दुपारी. पॅकिंगला आणि गावातल्या बुकिंगला बचत गटाच्या बायका, आणि खरं सांगू, पॅकिंगमध्ये त्यांच्याइतकं व्यवस्थित कुणी नाही, आमच्याकडे त्यांनीच पेंढा आणि जुन्या उशांचा कापूस वापरून बॉक्सची रचना बदलली आणि पुढच्या वर्षी लांब गेलेल्या मूर्तींत एकच तुटली. शिवाय ग्रामीण गट उमेदशी, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाशी, जोडलेला असेल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल मिळायचा रस्ता त्यांच्याकडूनच जातो, हे कारखानदारांच्या लक्षातच येत नाही.

जिल्हा उद्योग केंद्र प्रत्येक जिल्ह्यात आहे, आमचं अलिबागला. तिथे कर्जाच्या योजनांची माहिती मिळते, फुकट. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे ट्रेनिंग होतात, त्यात कॉस्टिंग शिकवतात, जमलं तर घरातल्या तरुण माणसाला पाठवा. मात्र या ठिकाणी जाऊन "माझा धंदा बसलाय, काहीतरी करा" असं सांगितलं तर कुणी काही करू शकत नाही. "मला अमुक एवढे पैसे अमुक महिन्यात लागतात, अमुक महिन्यात परत करू शकतो" असा कागद घेऊन गेलात तर समोरचा माणूस खुर्ची पुढे सरकवतो. हा कागद बनवायलाच तर आधी वहीवाला माणूस पाहिजे.

आम्हाला मिळाले ते आळीतलेच एक काका, एसटी डेपोत कॅशियर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. पहिल्या दिवशी आले, शेडमध्ये स्टुलावर बसले, एक बाराइंची शाडूची मूर्ती समोर ठेवली आणि म्हणाले, "ह्याला किती पडतं?"

मी म्हटलं, "साडेसहाशेला देतो होलसेल."

"कितीला देतोस ते नाही विचारलं. पडतं किती?"

मला सांगता येईना. बाबा आतून म्हणाले, "तीनशे-साडेतीनशे धरा." काकांनी धरलं नाही. दोन दिवस बसून प्रत्येक गोष्ट विचारली. माती ७०. प्राइमर आणि रंग ९०. हिरे, लेस, काथ्या ४०. साच्यातून काढून घासून फिनिशिंगची मजुरी १८०. शेडिंग आणि आखणी २००, आता ही आखणी मी आणि बाबाच करतो म्हणून आम्ही ती कधी धरलीच नव्हती, काका म्हणाले की तू मेलास तर कोण करणार आणि तो किती घेणार, तेवढे धर. शेडचं भाडं, लाईट, तूटफूट मिळून ११०, कारण शाडूत शंभरातल्या चार-पाच तडकतातच, सावलीत सुकवली तरी. बेरीज ६९०. विकतोय ६५०ला. त्या साइजच्या वर्षाला ३५० मूर्ती, म्हणजे १४ हजार आम्ही पदरचे घालून लोकांच्या घरी गणपती बसवत होतो. आणि जास्त ऑर्डर आली की जास्त खुश होत होतो!

हे का झालं तेही सांगतो. पूर्वी सगळं पीओपीचं होतं, साच्यात ओतलं की थोड्या वेळात घट्ट, तूट कमी. २०२०च्या मे महिन्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी सांगणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली आली, मग वर्षानुवर्षं होणार-नाही होणार चालू राहिलं, २०२५च्या जानेवारीत हायकोर्टाने बंदी कडक पाळायला सांगितली, जूनमध्ये मूर्ती बनवायला-विकायला मोकळीक दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला तेव्हा नाही म्हटलं. ह्या सगळ्या गोंधळात आम्ही हळूहळू अर्धा माल शाडूवर नेला, पण रेट मात्र डोक्यात पीओपीचाच राहिला, दोन-पाच टक्के वाढवून. घरातल्या कुणाला दिसलं नाही कारण सगळे आतच होतो. काकांना मूर्तीतलं ओ का ठो कळत नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

बाराइंची आम्ही ६५०ची ८२० केली. दोन डीलर तुटले. तुटू दे.

ठरवताना कागद करा, ओळखीचा असला तरी

ओळखीचा असला तर जास्तच करा. वकील नको, साधा फुलस्केप पुरतो, पण त्यात हे असू द्या: काम नक्की कुठलं, आठवड्याला किती दिवस, किती वाजता, पैसे किती आणि कुठल्या तारखेला, कोणाला काय विचारायचं, आणि नको झालं तर किती दिवस आधी सांगायचं. पहिला महिना ट्रायल आणि कामही एकच. मूर्तीचा खर्च काकांनी आपणहून काढला, आम्ही त्यांना पहिल्या महिन्यात फक्त जुन्या उधारीची यादी करायला दिली होती. सगळं एकदम दिलं असतं तर ना त्यांना समजलं असतं ना आम्हाला कळलं असतं की जमतंय की नाही.

पैशाचं आमचं असं ठरलं, आठवड्यातून तीन सकाळी, महिना ६ हजार, आणि जुनी उधारी जेवढी प्रत्यक्ष हातात येईल तिच्यावर २ टक्के. "हातात येईल तिच्यावर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑर्डरवर कमिशन कधीच देऊ नका, ऑर्डर आणणं सोपं असतं, तीन मूर्ती फुकट रंगवून देतो सांगितलं की कोणीही ऑर्डर देतो. कमिशन पैसे आल्यावर. आणि फुकट कुणाकडून काम करून घेऊ नका, "अरे असू दे रे, घरचाच आहे" म्हणणारा माणूस ऐन आषाढात भाच्याच्या लग्नाला आठ दिवस गेला की तुम्ही त्याला काही बोलू शकत नाही.

आता पासवर्डचं, ह्यात मी भाजलोय म्हणून दोनदा सांगतो. धंद्याचं सिम वेगळं घ्या, तुमच्या नावावर. व्हॉट्सअॅप, इन्स्टा, ईमेल, सगळं त्याच नंबरवर, ओटीपी तुमच्याकडे. मदतनीसाने रील टाकायचं असेल तर शेडमधल्या फोनवरून टाकावं. क्यूआर कोड कारखान्याच्या खात्याचाच, "माझ्या नंबरवर घ्या, संध्याकाळी ट्रान्सफर करतो" हे एकदाही चालू द्यायचं नाही, माणूस कितीही प्रामाणिक असो, कारण मग हिशेब जुळत नाही आणि संशय येतो, आणि संशय आला की चांगला माणूस आधी जातो.

वसुलीचं काकांनी कसं केलं ते बघण्यासारखं होतं. जुनी उधारी ३ लाख ४० हजार होती, त्यातली काही तीन सीझन जुनी. मी फोन करायचो तेव्हा एकतर गयावया करायचो नाहीतर भांडायचो. काका दर मंगळवारी सकाळी ११ वाजता फोन करायचे, प्रत्येकाला, न चुकता, आवाज अजिबात न चढवता. आधी नमस्कार, मग तब्येत, मग "तुमच्याकडे अठ्ठावीस हजार सातशे आहेत, आज किती पाठवताय?" कधी देणार असं नाही विचारायचे, आज किती. समोरचा म्हणाला आज नाही जमत, तर "बरं, पाचशे पाठवा, खातं हलतं राहील." दुसऱ्या मंगळवारी परत. एकाने वैतागून म्हणे विचारलं की तुम्ही बँकेतले का, तर म्हणाले, नाही, एसटीतला, आम्हाला सुट्टे घ्यायची सवय आहे. सहा महिन्यांत २ लाख १५ हजार आले. त्यांचे २ टक्के झाले ४,३००, मी ५ हजार दिले. राहिलेले सव्वा लाख येतील असं वाटत नाही, आणि आता ते पैसे मी डोक्यातून काढून टाकलेत.

पुढच्या सीझनपासून बुकिंगला एकतृतीयांश, रंगाला घेतल्यावर एकतृतीयांश, उरलेले गाडी भरायच्या आधी. जुन्या दोन डीलरांना सवलत आहे, बाकी कुणाला नाही.

इथे एक गोष्ट आहे जी आमच्या पट्ट्यात फार थोड्यांना माहितीय. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधारवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, सायबरवाले उगाच हजार रुपये घेतात. एमएसएमईच्या, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या, २००६च्या कायद्यात आहे की तुम्ही नोंदणी केलेले छोटे उत्पादक असाल तर माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते, सरकारी पोर्टलवर. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये असा नियम आलाय की मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेरीला बाकीच राहिले तर तो खर्च त्या डीलरला त्या वर्षी दाखवता येत नाही, त्यामुळे ज्या डीलरकडे नीट पुस्तकं आहेत त्याचा सीएच त्याला टोचायला लागतो. आम्ही तक्रार एकदाही केली नाही, खरं सांगायचं तर तक्रार केली की तो डीलर कायमचा गेला. पण बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि "४५ दिवसांत पेमेंट" ही ओळ छापली, काकांचीच आयडिया, तेवढ्यानेच दोघांची चाल बदलली. नोंदणी माल द्यायच्या आधीची असू द्या, भांडण झाल्यावर करून उपयोग नाही.

पैशाची मदत

ह्यात मी थोडक्यात सांगतो कारण बँकेत गेल्याशिवाय काही कळत नाही. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत, मूर्तिकार आहे, कुंभार आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, नुसती पेंटिंग करणाऱ्याला मात्र त्यात खाना नाही. नोंदणी सीएससीत, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये, घरटी एकालाच. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्याचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि तारण न देता ५ टक्क्यांनी आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. एक अट नीट वाचा, गेल्या पाच वर्षांत मुद्रा (छोट्या धंद्याच्या कर्जाची सरकारी योजना) वगैरे घेतलं असेल आणि अजून फिटलं नसेल तर इथे अडकता, म्हणजे आधी कुठलं घ्यायचं हा क्रम महत्त्वाचा. मुद्रात शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत.

पण आमच्यासारख्यांना खरी अडचण व्याजाची नसते, हप्त्याची असते. १ लाख १८ महिन्यांत फेडायचे म्हणजे महिना पावणेसहा हजारांच्या थोडा वर हप्ता, आणि आमच्याकडे पैसा येतो श्रावण-भाद्रपदात, बाकी वर्षभर फक्त जातो. म्हणून कर्ज मिळाल्या मिळाल्या सगळं रंग-मातीत घालू नका, पहिले सहा हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. मला हे काकांनी सांगितलं तेव्हा वेडेपणा वाटला होता, कर्ज काढून कर्जाचे हप्ते बाजूला ठेवायचे म्हणजे काय! माघात जेव्हा खिशात काही नव्हतं आणि हप्ता आपोआप गेला तेव्हा पटलं.

पार्टनर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. आमच्याकडेही एक जण आला होता, ५ लाख टाकतो, अर्धा हिस्सा द्या. माझं मत, अडचणीत असताना पार्टनर घेऊ नये, कारण तेव्हा तुमच्या वस्तूचा भाव तुम्ही स्वतःच पाडलेला असतो. अडचणीत असताना हातचं कसं जातं त्याला राजा रविवर्म्यांचं उदाहरण बघा. १८९४ला मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणली, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेल्या, छापखाना मात्र कर्जात. शेवटी तिथल्याच श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, आणि त्याच्या हातात तोच छापखाना पुढे चांगला चालला. म्हणजे धंदा चालवणारा माणूस आतच होता, फक्त तो मालक झाल्यावर चालला. एवढा मोठा माणूस तिथे हे झालं, आपण तर हमरापूरवाले.

घरच्यांचं काय

हे सगळ्यात अवघड आहे. बाबा पहिला महिना काकांशी बोललेच नाहीत. "आपल्या घरातली उधारी गावाला कशाला?" हा एकच मुद्दा. खरं म्हणजे गावाला सगळी उधारी आधीपासून माहीत असते, फक्त आपल्याला आकडा माहीत नसतो. मी दोन गोष्टी केल्या. एक, काकांची बसायची जागा शेडच्या बाहेरच्या बाजूला केली, बाबांच्या रंगाच्या पाटापासून लांब, म्हणजे कामात कुणी डोकावतंय असं वाटायला नको. दोन, काकांना सांगितलं की रेट वाढवायचं तुम्ही बोलू नका, आकडे फक्त कागदावर लिहून द्या, बोलणं मी करेन. बाबांना बाहेरच्या माणसाने "तुमचं चुकतंय" म्हटलेलं चाललं नसतं, पण स्वतःच्या चष्म्यातून ६९० वाचल्यावर ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी फक्त विचारलं, "ती नऊइंची पण बघितली का त्याने?"

वहिनी घरखर्च आणि कारखान्याचा खर्च एकाच डब्यातून करायची, तेही बंद केलं. ह्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

आता वेळेचं. नवा माणूस ज्येष्ठ-आषाढात आणू नका, तेव्हा तुम्हाला शिकवायला वेळ नसतो आणि त्याला वाटतं इथे रोजच असा गोंधळ असतो. आमच्याकडे पितृपक्षात नवीन काही करत नाहीत, कुणी रंगाचा डबासुद्धा उघडत नाही, म्हणून ते पंधरा दिवस आम्ही हिशेबाला ठेवलेत, डीलरांकडचे परत आलेले गणपती मोजायचे, तुटलेले मोजायचे, कोणाकडे किती राहिले ते लिहायचं, आणि माणूस बदलायचा असेल तर तेव्हाच ठरवायचं. दसऱ्याला कामाला लागला की माघी गणपतीपर्यंत एक छोटा सीझन त्याच्या हाताखालून जातो, तिथे काय चुका करायच्या त्या करू द्या.

काकांचं हे तिसरं वर्ष. यंदा म्हणाले आता डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, कॉलेजची एक मुलगी बघून ठेवलीय, तिला मंगळवारी बाजूला बसवून फोन करायला शिकवतायत. पहिल्या फोनला ती "सर, पेमेंट कधी मिळेल?" असं म्हणाली तर त्यांनी फोन हातातून काढून घेतला.

"कधी नाही गं. आज किती."